बाबांच्या मांडीतला रॉड

माणसांवर विश्वास ठेवू नये असं माझं मुळीच म्हणणं नाही. ठेवावा, पण आधी मोजून घ्यावं. गेली सव्वीस वर्षं मी सरकारी वजनमाप निरीक्षक आहे. मी आमच्या गावच्या मासळीबाजारात शिरलो की तराजू आपोआप सरळ होतात आणि कोळ्यांचे चेहरे वाकडे होतात. समुद्रकाठच्या ग्रीक गावात असली नोकरी करून कुणी लोकप्रिय होत नाही, आणि मला व्हायचंही नव्हतं. त्यामुळे त्या मंगळवारी सकाळी, दफनभूमीत, माझ्या स्वतःच्या वडिलांच्या हाडांकडे बघताना माझ्या मनात 'बाबा!' असं न येता 'हा माल आपला नाही' असं आलं, याबद्दल मला कुणी नावं ठेवू नयेत.

झालं होतं असं की बाबांना जाऊन तीन वर्षं झाली आणि नगरपालिकेचं पत्र आलं. आमच्याकडे मेलेल्या माणसालासुद्धा जागा तीनच वर्षं मिळते. नंतर हाडं वर काढायची, वाइनने धुवायची, वाळवायची, नाव आणि फोटो लावलेल्या पेटीत भरून अस्थिघराच्या फळीवर ठेवायची. वेळेत नेली नाहीत तर ती सार्वजनिक खड्ड्यात जातात, जिथे गावातले शत्रू आणि मित्र एकमेकांत कायमचे मिसळतात. बाबांचं तसं होऊ द्यायचं नाही यावर माझं आणि आईचं एकमत होतं. आमचं एकमत झाल्याचा हा बहुधा दुसराच प्रसंग.

आईला खोकला झाला होता, म्हणून मंगळवारच्या दमट हवेत ती येणार नव्हती. पण हुकूम सुटला. "हाडं मी धुणार. शनिवारी. तोपर्यंत चादरीत बांधून ठेवायची, आणि त्या बार्बा-थोमासला म्हणावं, पाण्याचा थेंब लावायचा नाही. तो पाण्याने धुतो आणि वाइन स्वतः पितो."

बार्बा-थोमास, म्हणजे थोमासकाका, हा आमचा कबरी खोदणारा. गावातला जवळजवळ प्रत्येक माणूस त्याने एकदा खाली घातलाय आणि एकदा वर काढलाय. त्याने आधी कवटी काढून हातात फिरवली आणि कलिंगडवाल्याच्या समाधानाने म्हणाला, "छान पिवळी आलीत. पुण्यवान माणूस." हाडं काळी निघाली असती तर गावाने वर्षभर चघळलं असतं, म्हणून मी मनातल्या मनात सुस्कारा टाकला. मग त्याने डाव्या मांडीचं हाड उचललं, त्याला ते जड लागलं. त्याने ते जरा झटकलं, आणि आतून लोखंडाचा एक रॉड सरकन बाहेर आला.

"हा काय प्रकार?" मी विचारलं.

"मांडी मोडली की घालतात तो रॉड."

"माझ्या वडिलांना रॉड नव्हता."

"आता आहे," बार्बा म्हणाला आणि पुढचं हाड शोधायला वाकला.

मी तो रॉड हातात घेतला. आतून पोकळ, एका अंगाला वरपासून खालपर्यंत चीर, एका टोकाला सुईला असतं तसं भोक, आणि त्या भोकाशेजारी बारीक अक्षरांत कोरलेलं ११ × ४००. बाबांची मांडी कधी मोडली नव्हती. बंदराजवळ त्यांचं दोरखंडांचं आणि रंगांचं दुकान होतं, आणि मला कळायला लागल्यापासून ते त्या दुकानात उभे होते. हिवाळ्यात थोडे लंगडत, पण आमच्या गावात हिवाळ्यात कोण लंगडत नाही? तेव्हा निष्कर्ष एकच. तीन वर्षं आम्ही ज्याच्या कबरीवर दिवा लावला, ज्याच्यासाठी आईने दर रविवारी फुलं बदलली, तो दुसराच कुणी होता. मग माझे बाबा कुठे होते? खड्ड्यात?

मी रॉड वर्तमानपत्रात गुंडाळून पावाच्या पिशवीत घातला आणि घरी आलो.

माझी बायको वार्वारा हिला मी सगळं सांगितलं. ती भेंडी निवडत होती. तिने मान वर न करता एकच वाक्य म्हटलं, "आईंना विचार."

"आईला विचारू? तिला सांगू की तू तीन वर्षं परक्या माणसासाठी रडलीस? ऐंशीला आलेली बाई, तिचा रक्तदाब—"

"आईंना विचार, आरिस."

लग्नाला सत्तावीस वर्षं झाल्यावर बायकोचा साधा सल्ला ऐकायला माणसाला फार मोठं मन लागतं. माझं तेवढं नव्हतं. मी वरच्या मजल्यावरच्या मेनेलाओसकडे गेलो.

मेनेलाओस बसकंपनीतून निवृत्त झालाय. पण त्याची दोनदा हर्नियाची शस्त्रक्रिया झालेली असल्यामुळे बिल्डिंगमध्ये वैद्यकीय विषय त्याच्याकडेच जातात. त्याने चष्मा लावून रॉड उजेडात धरला, वाजवला, हुंगला, आणि मी वेळेत हिसकावला नसता तर चाटलाही असता.

"हा नंबर बघितलास? अकरा, चारशे. प्रत्येक रॉडला नंबर असतो. गाडीला असतो तसा. हा नंबर घेऊन हॉस्पिटलात जा, अर्ध्या तासात मालकाचं नाव सांगतील."

"आणि बाबांची हाडं?"

त्याने खिडकी लावून घेतली. "शेजारच्या कबरीत कोण होतं?"

शेजारी झिसिस होता. मोटरसायकलवाला झिसिस, ज्याने हयातीत गावातली प्रत्येक भिंत एकदा तरी जवळून पाहिली होती! त्याची हाडं महिन्याभरापूर्वीच निघून पेटीत गेली होती. रॉड असणारच तर झिसिसला असणार. म्हणजे इथे चादरीत झिसिस होता, आणि झिसिसच्या पेटीत माझे बाबा.

बुधवारी मी रजा टाकून जिल्ह्याच्या हॉस्पिटलात गेलो. नोंदणी खिडकीवरच्या बाईंनी रॉडकडे पाहिलंसुद्धा नाही.

"माहिती हवी असेल तर रुग्णाने स्वतः अर्ज करायचा."

"रुग्ण वारलाय."

"मग त्याच्या मृत्यूचा दाखला आणा."

"कोण वारलाय तेच तर शोधतोय."

"ते कळलं की त्याचा दाखला आणा," बाई म्हणाल्या आणि खिडकी सरकवली.

मी मागे हटणारा नाही. हाडांच्या विभागाबाहेर सव्वातीन तास बसून शेवटी मी एका तरुण डॉक्टरला गाठलं आणि पिशवीतून रॉड काढला. त्याचे डोळे चमकले. जुन्या मोटारी जमवणाऱ्यांचे चमकतात तसे. "अरे वा! हा तर जुना नमुना! आता असे कुणी वापरत नाही. आताच्यांना दोन्हीकडे स्क्रू असतात. हे नुसते ठोकून बसवायचे. कुठून मिळाला?"

"ते गोपनीय आहे. हा नंबर कुणाचा ते सांगा."

"कुठला नंबर?"

"अकरा, चारशे."

डॉक्टरने रॉड फिरवून आकडे पाहिले. "अहो, ते माप आहे. अकरा मिलिमीटर जाड, चारशे मिलिमीटर लांब. चपलेला असतं तसं."

त्या वाक्यानंतर माझ्या कानात काय वाजलं ते मी सांगू शकत नाही. सव्वीस वर्षं मिलिमीटरवर पोट भरणारा मी. माझ्या खिशात त्या क्षणी सरकारी शिक्क्याची मोजपट्टी होती! मी ती काढून रॉडला लावली नाही, कारण तो बरोबर चारशे भरणार हे मला ठाऊक होतं आणि मला तो अपमान दोनदा करून घ्यायचा नव्हता.

"तुम्ही काय करता?" डॉक्टरने सहज विचारलं.

"शिक्षक आहे," मी म्हणालो. "इतिहासाचा."

निघताना तो रॉडवरून बोट फिरवत म्हणाला, "घासला बघा किती गेलाय. या रॉडवर कुणीतरी चांगलं चाळीसेक वर्षं चाललंय." मला त्याचं काय. मला झिसिसची पेटी उघडायची होती.

त्याची बायको कीरिया मालामो, म्हणजे मालामोबाई, रोज सकाळी अस्थिघरात असते. गुरुवारी मी तिथे गेलो तेव्हा ती फळीसमोर स्टूल टाकून पेटीशी गप्पा मारत होती. मी अत्यंत नाजूकपणे विषय काढला. म्हणजे नवऱ्याच्या मांडीत काही धातू होता का, असं विचारलं.

"मांडी, हात, बरगडी, काय मोडलं नव्हतं त्याचं? मी काय हिशेब ठेवत होते? का रे?"

मी सांगितलं. ती स्टुलावरून उठली. आधी तिने क्रूसाची खूण केली, मग पेटीवरच्या फोटोकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"म्हणजे गेला महिनाभर मी ज्याला सुनेच्या चुगल्या सांगतेय तो तुझा बाप लाम्ब्रोस?"

"शक्यता आहे."

"आणि मी त्याला परवा जे सांगितलं... अरे देवा! लाम्ब्रोसला? तो तर माझ्या सुनेच्या बापाचा मित्र होता!"

पुढचं सगळं मालामोबाईंनी हाती घेतलं. दफनभूमीच्या कार्यालयात डोम्ना नावाची एक बाई बसते. मरणाशी संबंधित सगळे अर्ज तिच्याकडे. पेटी उघडायला अर्ज लागतो, असं तिने सांगितलं. मी तो अर्ज तिथेच लिहिला, आणि हात लागलाच आहे म्हणून नगरपालिकेच्या नावाने एक रीतसर तक्रारही लिहिली: हाडांची अदलाबदल, निष्काळजीपणा, चौकशी व्हावी. माझा हात तक्रारीत बसलेला आहे. मी मुद्द्यांना क्रमांक दिले.

पेटी उघडली. मालामोबाईंनी डोळे घट्ट मिटून घेतले आणि मला म्हणाल्या, "जबडा बघ. खालचा. डावीकडे." मी पाहिलं. सोन्याचा दात होता. बाईंनी डोळे उघडले, दात पाहिला, आणि इतक्या प्रेमाने "मेल्या!" म्हणाल्या की मलाच अवघडल्यासारखं झालं. झिसिस स्वतःच्याच पेटीत होता. त्याला रॉड नव्हता. मांडी त्याची एवढी एकच गोष्ट शाबूत राहिली होती.

इथे प्रकरण संपायला हवं होतं. पण मालामोबाई ज्या बसने घरी गेल्या त्या बसमध्ये चाळीस माणसं होती. शुक्रवारी सकाळी डोम्नाच्या कार्यालयासमोर अकरा कुटुंबं उभी होती. प्रत्येकाला आपापली पेटी उघडून बघायची होती. एकाच्या काकांना सहा बोटं होती. एकीला सासऱ्याची कवटी पहिल्यापासूनच लहान वाटत होती. दोन भाऊ, जे बापाच्या घरावरून नऊ वर्षं बोलत नव्हते, तो बाप नक्की कुणाच्या पेटीत आहे यावरून तावातावाने बोलायला लागले. पापा-गेरासिमोस, आमचे पाद्री, रांगेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरत सगळ्यांना सांगत होते की देवाला प्रत्येक हाड ओळखू येतं. "देवाला येत असेल, फादर," कुणीतरी म्हणालं, "पण पेट्या भरतो बार्बा-थोमास." बार्बा एका दगडावर पाठ करून बसला होता. त्याने माझ्याशी बोलणं बंद केलं होतं.

मला पाहिल्यावर डोम्नाने एक कागद पुढे सरकवला. माझ्या तक्रारीची नगरपालिकेने दखल घेतली होती! सव्वीस वर्षांत माझ्या कुठल्याही कागदाची इतक्या लवकर दखल कुणी घेतली नव्हती. 'सदर अस्थी वादग्रस्त असून ओळख पटेपर्यंत सीलबंद ठेवण्यात येत आहेत. तीस दिवसांत ओळख न पटल्यास नियमाप्रमाणे सार्वजनिक खड्ड्यात विसर्जित करण्यात येतील.'

"म्हणजे उद्याचा विधी?" मी विचारलं.

"कसला विधी?" डोम्ना म्हणाली. "कुणाचा? तुम्हीच लिहिलंय ना, हे तुमचे वडील नाहीत म्हणून? मुद्दा क्रमांक एक."

मी बाबांना खड्ड्यातून वाचवायला निघालो होतो. आता चादरीत जो कुणी होता त्याला मी सहीशिक्क्यानिशी खड्ड्याच्या तोंडाशी आणून ठेवलं होतं. आणि मुख्य म्हणजे आता आईला सांगण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

दुपारी मी सगळी तयारी करून आईकडे गेलो. रक्तदाबाची गोळी बरोबर घेतली, मेनेलाओसला त्याच्या रक्तदाब मोजायच्या यंत्रासकट जिन्यात उभं केलं, आणि वार्वारालाही आणलं. आई स्वयंपाकघरात दुसऱ्या दिवशीच्या प्रसादासाठी उकडलेले गहू पंच्यावर पसरत होती. शेजारी डाळिंबाचे दाणे आणि साखर.

"आई, बस. खोल श्वास घे. मी तुला काहीतरी दाखवणार आहे."

मी पिशवीतून रॉड काढून टेबलावर ठेवला. आईने तो पाहिला. हात पुसले.

"हा इकडे कशाला आणलास?" ती म्हणाली. "बाकीचे तुझे बाबा कुठे आहेत?"

वार्वाराने खुर्ची ओढली आणि तिच्यावर स्वतः बसली. मला कुणी बस म्हटलं नाही.

"तुला हा माहीत होता?"

"सेहेचाळीस वर्षं याच्या शेजारी झोपले. थंडी पडली की आधी हा गार व्हायचा आणि मग तुझे बाबा. मला माहीत नसेल तर कुणाला?"

"मग मला कुणी सांगितलं का नाही?"

"त्यात सांगायचंय काय? पडले होते." ती पुन्हा गहू सारखे करू लागली.

"कुठून?"

"छपरावरून. कौलं बदलत होते."

"कसे पडले?"

"माणूस कसा पडतो? वरून खाली."

मला खोटेपणाचा वास आला. हे मला बाजारात लगेच कळतं. माल खरा असला की विक्रेता बडबड करतो, आणि तराजूखाली काही चिकटवलेलं असलं की तुटक बोलतो. मी टेबलावर हात टेकले. "शिडी नव्हती का?"

"होती."

"मग शिडीवरून का नाही उतरले?"

आईने गव्हाची एक मूठ उचलली.

"आई, शिडी जागेवर नव्हती, बरोबर? कुणीतरी काढली होती. कोण? शेजारी? दुकानातला माणूस? तू कुणाला पाठीशी घालतेयस? सेहेचाळीस वर्षं एक माणूस पायात लोखंड घेऊन दुकानात उभा राहतो आणि ज्याने हे केलं तो मोकळा फिरतो? मला नाव सांग. जिवंत असेल तर मी त्याला सोडणार नाही."

आईने हातातले गहू खाली ठेवले. वार्वारा तिच्याकडे बघत होती, आणि मला वाटतं तिला तेव्हाच कळलं.

"आरिस," आई म्हणाली, "तू पाच वर्षांचा होतास."

बाहेर जिन्यात मेनेलाओसचं यंत्र उगाचच पीं करून वाजलं.

"तुला अंजिरं काढायची होती. तू ती शिडी झाडाकडे ओढत नेलीस. हलकीच होती, ऑलिव्ह काढायची. बाबांनी मागे न बघता पाय खाली टाकला. ते कधीच मागे बघायचे नाहीत. मी धावत आले तेव्हा ते जमिनीवर पडून मला काय म्हणाले ठाऊक आहे? 'आधी शिडी परत लाव, पोरगा बघतोय.'"

मला यातलं काहीही आठवत नव्हतं. आजही आठवत नाही.

"त्या रात्रीच्या बोटीने तुला माझ्या बहिणीकडे बेटावर धाडलं. म्हणाले, मी चालायला लागेपर्यंत त्याला आणू नकोस. नऊ महिने लागले."

ते नऊ महिने मात्र मला आठवत होते. मावशीच्या गच्चीवरून रोज येणारी बोट मी मोजायचो आणि तिच्यात माझं कुणी नसायचं. आईबाबांना मी नकोसा झालो होतो, हे मी तिथे पाचव्या वर्षी पक्कं ठरवून टाकलं होतं. नंतर ते मी कधी कुणाला बोलून दाखवलं नाही, पण विसरलोही नाही. बाबांच्या दुकानात जाणं मी टाळायचो, त्यांच्या म्हातारपणी मी त्यांच्याशी हवापाण्याचं बोलायचो, त्याच्या मुळाशी ती बोट होती.

"मला शपथ घातली होती, पोराला कळता कामा नये म्हणून," आई म्हणाली. "शेवटी शेवटी मी विचारलं, अहो, आता तो पन्नाशीचा झाला, आता सांगू? तर म्हणाले, आता तर मुळीच नको, आता त्याला विचार करायला वेळ असतो."

तिने रॉड उचलला, पदरासारखा एप्रनचा कोपरा घेऊन तो पुसला, आणि माझ्या हातात दिला. "उद्या याला पण धुवायचंय. जा, कागद काय असेल तो नीट कर."

मी रडलो. मेनेलाओसने आत येऊन माझाच रक्तदाब मोजला. किती निघाला ते त्याने मला अजून सांगितलेलं नाही.

शनिवारी सकाळी आठ वाजता मी डोम्नाच्या टेबलासमोर उभा होतो. बाहेर आई खुर्चीवर बसली होती, मांडीवर लाल वाइनची बाटली आणि स्वच्छ पंचा. वार्वारा तिच्याजवळ होती. पापा-गेरासिमोस घड्याळ बघत होते, आणि बार्बा-थोमास, मी हात जोडून माफी मागितल्यावर, चादरीचं सील तोडायला कात्री घेऊन तयार होता. अकरा कुटुंबांपैकी तीन अजून रांगेत होती.

"तक्रार मागे घ्यायचा अर्ज," डोम्ना म्हणाली. "सगळे रकाने भरायचे. रिकामा रकाना असला तर शिक्का मारणार नाही. तुमच्यासारखा माणूस समोर असताना तर नाहीच."

मी भरत गेलो. अर्जदाराचं नाव. मयताचं नाव: लाम्ब्रोस. मयताशी नातं: मुलगा. मग शेवटचा रकाना आला: 'सदर अस्थी मयताच्याच असल्याची ओळख कोणत्या आधारे पटली.' खाली पाच ओळींची जागा होती. बाहेरून आईच्या खोकल्याचा आवाज आला.

मग मी लिहिलं: 'शिडी मी काढली होती.'

डोम्नाने ते वाचलं. पुन्हा एकदा वाचलं. माझ्याकडे पाहिलं. मी वाट बघत होतो की ती आता दाखला मागेल, साक्षीदार मागेल. तिने काहीही मागितलं नाही आणि शिक्का मारला.